वखारीतला कटाव

निपाणीत तंबाखूच्या वखारीत मी, माझी थोरली बहीण आणि शेजारची वहिनी अशा तिघी चाळणी मारायचो. आक्काला अक्षरओळख नव्हती, पण चाळणीच्या ठेक्यावर ती झरझर कटाव बोलत सुटायची, म्हणजे न गाता ठेक्यात म्हणायचं कवन:

धूळ नाकात, धूळ डोळ्यांत,
धूळ बसली भाकरीत,
मुकादम म्हणतो, हसू नका गं,
हसणं न्हाय चाकरीत!

आम्ही दोघी मागनं शेवटचा शब्द झेलायचो.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या गल्लीत गायन पार्टी असायची, सगळी पुरुषांची. एका वर्षी आक्कानं पेटीवाल्याला विचारलं, “आमीबी म्हणू काय?”

“सुरात येत असशील तर म्हण.”

“सूर कुणाला येतोय? आमी बोलणार.”

पेटीवाल्यानं पेटीवरचा हात काढून घेतला. पार्टीत हलगी वाजवणारे आमचे दाजी मात्र उठून बायकोशेजारी उभे राहिले. “चल, मी हाय,” म्हणाले. नुसत्या हलगीवर आम्ही सुरू झालो. मग वखारीतल्या बाया टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. लोकांनी तीनदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला चुकवत आक्काच्या आडनं वखारीत शिरले; त्याच्या कानावर कटाव गेला होताच. मुकादम आक्काला एवढंच म्हणाला, “माझं नाव घातलं न्हाईस, त्ये बरं केलंस बाई.” आणि हसला.

पुढं कोगनोळीहून बोलावणं आलं, मग आसपासच्या गावांहून. दोन वर्षांनी थेट बेळगावच्या सभागृहात उभ्या राहिलो. पुढं वकील, मास्तर, ऑफिसातली माणसं. आक्का माझ्याकडं वळली.

“माझ्याच्यानं न्हाय व्हायचं गं.”

“सगळी मुकादमच हायत असं समज,” मी म्हटलं.

ती खुदकन हसली आणि सुटलीच. त्या दिवशी तिनं एक ओळ कानडीतही टाकली. मागच्या रांगेतल्या कानडी बायका उभ्याच राहिल्या.

सात-आठ वर्षं आम्ही अशा फिरलो. एकदा बेळगुंदीत गेलो, तर शाळकरी पोरी आमचाच कटाव म्हणत होत्या. तंबाखूच्या धुळीच्या जागी त्यांनी भाताचा कोंडा घातला होता. “कुणी शिकवलं गं?” आक्कानं विचारलं.

“कुणी न्हाय. आमच्या गावचाच हाय तो.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर आक्कानं माझा हात दाबला. “व्हय काय? मग आमालाबी शिकवा की,” म्हणत ती त्यांच्यात जाऊन बसली.