गुळणी धरून लिहिलेलं पान

माझी वहिनी कुणी मोठी बाई नाही. शाळेत गणित शिकवते, घरी येते, चष्मा पुसते आणि पुन्हा कामाला लागते. पण तिनं लिहिलेलं एक पान तराजूच्या एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्यात मी लिहिलेल्या साऱ्या गोष्टी ठेवा. पान खाली जाईल. हे मी सांगतोय, ज्याला आपल्या गोष्टींचा गर्व आहे.

दादा कारखान्यात आराखडे काढतो. गणितं सोडवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम आहे. देशोदेशीची माणसं तो हौसेनं घडवतात आणि कुणालाही वापरू देतात. त्या भिंतीत दादाचीही एक वीट होती. नरसाळ्यासारखी निमुळती वस्तू करायची तर सपाट पत्रा कसा आखून कापायचा, ते त्याचा भाग दाखवी. किती सुट्ट्या त्यानं त्यात घातल्या! माहितीच्या पानावर मात्र एकच ओळ लिहिली: ‘वापर सोपा आहे.’

मग प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांचा निरोप आला. या भागाबद्दल कुणी कधी साधा प्रश्नही विचारलेला नाही. नीट माहिती लिहा, नाहीतर पुढच्या आवृत्तीत तो काढून टाकू.

दादाचं तोंड एवढंसं झालं. "लोकांना अक्कलच नाही," तो म्हणाला.

"लोकांना आहे हो, तुमच्या पानाला नाही," वहिनी म्हणाली. "सरका, मी लिहिते."

तिनं लिहिलं. लिहून झालं तशी तिनं शेजारच्या ठोकेकाकांना हाक मारली. काका पत्र्याचे डबे, नरसाळी ठोकून करतात, म्हणून हे नाव. त्यांना संगणकापुढे बसवलं, शेजारी पान ठेवलं आणि वहिनीनं पेल्यातलं पाणी तोंडात धरलं. ही तिची शाळेतली रीत. मुलाला उदाहरण घातलं की ती गुळणी धरते, म्हणजे मधेच उत्तर सांगायचा मोह नको. बोलण्यासाठी पाणी गिळावं लागलं, तर खोट मुलात नाही, लिहिण्यात.

"बाई, असं गाल फुगवून बघू नका, मला हसू येतं," काका म्हणाले. पण ओळीवर बोट ठेवत त्यांनी वाचलं: ‘वरच्या आणि खालच्या वर्तुळाचं माप द्या.’ त्यांनी नरसाळ्याच्या तोंडावर टेप आडवी धरली आणि आकडे भरले. आलेल्या आकृतीप्रमाणे कागद कापला, वळवला.

"हे नरसाळं म्हणायचं की घोड्याची टोपी?"

वहिनीनं पाणी गिळलं. "काका, मला त्रिज्या हवी होती. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत."

"मधे तर भोक आहे! टेप काय हवेत टेकवू?"

मी पोट धरून हसलो. वहिनी हसली नाही. ती काकांकडे अशी बघत राहिली, जशी तहानलेली बाई विहिरीत पाणी दिसल्यावर बघते. मग तिनं ती ओळ खोडली आणि लिहिलं: ‘तोंडाची पूर्ण रुंदी मोजा. तिचं निम्मं करा. तो आकडा इथे भरा. वस्तू दुप्पट रुंद झाली, तर निम्मं करायचं राहिलं आहे.’ शेजारी चित्र काढलं.

पुन्हा गुळणी, पुन्हा काका. असं बऱ्याच संध्याकाळी चाललं. कधी उंचीपाशी पाणी गिळलं जाई, कधी कडा जोडायला राखायच्या पट्टीपाशी. शेवटी एकदा काकांनी कागद सोडून थेट पत्राच कापला, वळवला आणि ते नरसाळं तेलाच्या डब्यात बसवलं. अंगठीत बोट बसावं तसं बसलं. गाल फुगवलेली वहिनी मोरीकडे धावली, पाणी थुंकली आणि मग मोठ्यानं हसली.

पान प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांकडे गेलं. दादाचा भाग राहिला.

काही आठवड्यांनी कुठल्याशा अनोळखी माणसाचा प्रश्न आला. त्यानं पान वाचून दिव्याची टोपी केली होती. आता लंबगोल तोंडाची कशी करायची, असं त्यानं विचारलं होतं. पहिलावहिला प्रश्न! दादानं तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला, मग पुन्हा वाचला.

लंबगोलासाठी त्यानं नवा भाग केला आणि त्याचं पान या वेळी स्वतः लिहिलं. काकांना बोलावलं. स्वतः पाण्याची गुळणी धरून बसला.

पहिल्याच ओळीला त्यानं पाणी गिळलं.

वहिनीनं भरलेला पेला त्याच्याकडे सरकवला.