औषध घ्या, ड्यूटीवर जा

१९४८ साली आमची पलटण काश्मीरच्या आघाडीवर होती. मी नाईक होतो, गाव शाहूवाडी तालुक्यातलं. माझ्या सेक्शनमध्ये शिपाई भैरू गावडे होता, चंदगडकडचा. ओझं वाहण्यात त्याचा हात धरणारा प्लाटूनमध्ये कुणी नव्हता. दारूगोळ्याची पेटी खांद्यावर टाकून तो चढावर गाणी म्हणत जायचा.

उन्हाळ्याच्या अखेरीस कॅम्पात तापाची साथ आली. निम्मी प्लाटून आडवी झाली. आठवड्याभरात बाकीचे बरे होऊन परेडला आले. माझा आणि भैरूचा ताप गेला, ताकद मात्र परत आली नाही.

हे सिव्हिलियन माणसाला सांगणं अवघड आहे. दमणं आम्हाला ठाऊक होतं. रूट मार्चनंतर जवान दमतो, जेवतो, झोपतो, सकाळी ताजा होतो. हे तसं नव्हतं. झोपून उठलं की आदल्या रात्रीपेक्षा वाईट वाटायचं. रायफल साफ करायला घेतली तर बोल्ट कुठे ठेवला ते आठवायचं नाही. एखादा दिवस बरा जायचा. त्या दिवशी काम केलं की पुढचे कितीतरी दिवस हातपाय उचलायचे नाहीत.

आम्ही सिक रिपोर्टला गेलो. डॉक्टरसाहेबांनी नाडी बघितली, छाती तपासली. सगळं नॉर्मल.

"साहेब, अंगात दमच न्हाय," भैरू म्हणाला.

"घर सगळ्यांनाच आठवतं. एम अँड डी. नेक्स्ट."

एम अँड डी म्हणजे मेडिसिन अँड ड्यूटी. औषध घ्या, ड्यूटीवर जा. त्या दिवसापासून प्लाटूनमध्ये आम्ही दोघं कामचुकार ठरलो.

काही दिवसांनी पुढच्या पिकेटवरून, म्हणजे डोंगरावरच्या चौकीवरून, वायरलेस आला. "ॲम्युनिशन कमी आहे. पार्टी लगेच पाठवा. ओव्हर." आमच्या प्लाटूनचे अधिकारी जमादारसाहेब, त्यांनी ओझं न्यायला माणसं निवडली. त्यात आम्ही दोघं होतो.

मी म्हणालो, "साहेब, भैरूला खाली ठेवा. त्याची पेटी वाटून घेऊ."

"डॉक्टर फिट म्हणतात. चला."

सकाळी धुकं होतं, त्याच्या आडोशानं आम्ही चढलो. पिकेटच्या अलीकडे उघडा उतार होता. समोरच्या टेकडीवरून त्यावर मशीनगनचा मारा बसायचा. एकेकानं पळत ओलांडायचा, असा हुकूम होता. उताराच्या अलीकडे भैरूनं पेटी उतरवली आणि तो खाली बसला.

"दादा, वाईच बसतो. पायच न्हाईत बघा माजं."

जमादारसाहेब मागून आले. "गावडे, नाटकं बंद. ऊठ."

भैरू उठला. मी त्याच्यापुढे होतो. धुक्यात मी कसाबसा पलीकडे पोचलो, अर्धा पळत, अर्धा चालत. भैरू निघाला आणि धुकं विरलं. तो मधोमध आला आणि थांबला. घाबरला नव्हता. त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. त्यानं पेटी हळूच खाली ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून तो खाली बसला.

"पळ, भैरू!" मी ओरडलो.

"येतो की," तो म्हणाला.

मशीनगन सुरू झाली. तो उठला नाही.

भैरूला वीरमरण आलं. मला पुढच्या वर्षी घरी पाठवलं. जखम नव्हती, म्हणून पेन्शनही नव्हती.

कोल्हापुरात गुळाच्या वखारीत रखवालदार झालो. पोत्याला टेकलेला दिसलो, म्हणून मालकांनी काढलं. अंगानं धडधाकट, मिशा पिळदार, आणि दुपारी खाटेवर. आंघोळ केली की अंग पुसायच्या आधी आडवं व्हावं लागे. पोरांचा दंगा डोक्यात घणासारखा बसे. बायको लोकांची धुणीभांडी करायची. ती कधी बोलली नाही. तिचा भाऊ मात्र बोलला, माझ्या उंबऱ्यात उभा राहून.

"पलटणीत बी असंच पडून ऱ्हायचा काय वं, दाजी?"

पाय तुटला असता तर याच माणसानं मला हाताला धरून पाटावर बसवलं असतं.

काही वर्षांनी भैरूच्या गावात त्याच्या नावाचा चबुतरा बांधला. साथीदार म्हणून मला बोलावणं आलं. एसटीनं पोचेपर्यंत माझं अंग गळून गेलं. पुढारी भाषणाला उभे राहिले. भैरू गावडे वाघासारखा शत्रूवर धावून गेला, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. ज्या रोगापायी माझ्या घरात मला आळशी म्हणत होते, त्याच रोगानं थांबलेल्या माणसाला इथे हार घातला होता. मी टाळी वाजवली नाही.

भैरूची आई माझ्याजवळ आली. वाकलेली, कोरडी म्हातारी.

"पावणं, तुमी हुतासा न्हवं तितं? खरंच पळत गेलता त्यो?"

"न्हाय, मावशी. लई दमलावता. बसलावता."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग बसू दिलं न्हाय त्येला कुणी?"

"न्हाय."

म्हातारी चबुतऱ्याला पाठ लावून खाली बसली. तिच्याशेजारी मीही बसलो. भाषण चालूच होतं. मग फोटोवाला आला. वीरमातेनं चबुतऱ्यापाशी उभं राहावं, असं त्याचं म्हणणं होतं.

ती उठली नाही.