भुताला चार बोटं दाब

माणसाच्या मापाचे कपडे शिवणारे मुंबईत गल्लोगल्ली सापडतील, पण माणूस पुढे किती वाढणार हे आधीच ठरवून कपडे शिवणारी बाई परमेश्वराने एकच घडवली आणि ती नेमकी नायगावला, आमच्या चाळीत, आमच्या समोरच्या खोलीत आणून ठेवली. सगळी चाळ तिला मावशी म्हणायची. कुणाची मावशी, हे विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही. टेप तिने आयुष्यात हातात धरली नाही; वीत आणि बोटं एवढ्यावर सगळा कारभार. आणि प्रत्येक शिवणीच्या आत ती चार बोटं जादा कापड दुमडून ठेवायची. याला दाब म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर ठेवतात, तोही कुरकुरत. मावशीचा कपडा बाहेरून एका पोराचा आणि आतून दोन पोरांचा असायचा. कुणी काही बोललं की तिचं उत्तर ठरलेलं, "वाढतं अंग आहे रे!" चौथीत तिने शिवलेली हाफपँट मी सातवीपर्यंत घातली. चौथीत ती गुडघ्याच्या खाली यायची, त्यामुळे बाईंना वाटायचं की मी थोरल्या भावाची घालून येतो. मला थोरला भाऊच नाही! पुढे माझ्या लग्नाच्या झब्ब्यालाही तिने दाब ठेवला. मी म्हटलं, "मावशी, आता कुठे वाढणार मी?" तर माझ्या बायकोकडे बघत म्हणाली, "उंचीला नाय, पोटाला. पोरगी सुगरण दिसते." लग्नाच्या पहिल्याच वाढदिवसाला झब्बा उसवून घ्यायला मी मुकाट्याने समोरच्या खोलीत गेलो.

तिच्या खाटेखाली चिंध्यांची गाठोडी होती. परकरांची टोकं, फाटक्या उशांचे अभ्रे, मोडलेल्या छत्र्यांचं काळं कापड, कुणाच्या तरी बारशातला उरलेला सॅटिनचा तुकडा. "टाकून दे की," असं कुणी म्हटलं तर ती अशी बघायची की म्हणणाऱ्याला स्वतःलाच टाकून दिल्यासारखं वाटावं. तिचे यजमान, आमचे काका, जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोटी मूलबाळ नव्हतं, आणि चाळीतली पोरं हाच तिचा सगळा गोतावळा. पोरांना मधल्या वेळेला लाडू देणं, गुडघे फुटले की हळद लावणं आणि कपडे उसवून मोठे करून देणं, यातच तिचा दिवस जायचा.

तर अशा बाईच्या पदरात एक दिवस हॅलोविन पडला. माझी मुलगी सई तेव्हा ज्युनिअर केजीत होती. शाळेतून निरोप आला की परवा मुलांना भुताचा पोशाख घालून पाठवा. मी दादरला जाऊन प्लॅस्टिकसारखा चकचकणारा काळा झगा घेऊन आलो. मावशीने तो दोन बोटांत उचलला, उलटा केला, आतली शिवण बघितली आणि म्हणाली, "ह्याला दाबच नाही. हे भूत उद्या शिंकलं तर उसवेल." मग तिने सईला पुढ्यात उभं केलं आणि विचारलं, "कुठल्या झाडावरचं भूत व्हायचं तुला? वडावरचं, पिंपळावरचं की चिंचेवरचं?" सई म्हणाली, "शाळेतलं." मावशी मूळची मालवणकडची, भुताखेतांची तिला चांगली माहिती, पण हे शाळेतलं भूत तिच्याही ओळखीचं नव्हतं. तरी तिने मांजरपाटाचा जुना पडदा काढला, मधोमध दुमडला, मानेला अर्धगोल कापला, दोन्ही बाजूंनी टीप मारली, बाह्यांना पंख्यासारखा घेर दिला आणि वर टोपी जोडली. तासाभरात भूत तयार. भुताला दोन खिसे होते. मी हसलो तर म्हणाली, "मेल्या, चॉकलेटं काय तोंडात धरून आणील?"

ते बघून सगळ्या मजल्यावरची पोरं तिच्या दारात जमली. पुढच्या दोन वर्षांत मावशीने आख्खं स्मशान शिवून काढलं. नारिंगी परकराला वर-खाली नाडी ओवून, आत जुन्या उशीचा कापूस भरला की लाल भोपळा. मोडक्या छत्रीचं कापड मधून कापून दोन्ही हातांना शिवलं की वटवाघूळ, आणि हात वर केले की पंख खरोखर उघडायचे. काळ्या परकराची चेटकीण तर पाच मिनिटांचं काम. सगळ्यांना खिसे आणि सगळ्यांना चार बोटं दाब. संध्याकाळी ही मंडळी चाळीच्या गॅलरीतून घरोघर हिंडायला निघाली की मावशी त्यांना दारात अडवायची, प्रत्येकाच्या गालावर काजळाची तीट लावायची आणि मीठ-मोहऱ्या घेऊन ओळीने सगळ्यांची दृष्ट काढायची. जगाच्या पाठीवर भुतांची दृष्ट काढणारी बाई दुसरी नसेल! मी म्हटलं, "अगं, भुतांना कुणाची दृष्ट लागणार?" "आल्यागेल्याची," ती म्हणाली, "किती गोड दिसतायत ती!"

मग चाळ रिकामी करायची वेळ आली. नव्या इमारती होईपर्यंत कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, आम्ही भांडुपला. मावशीला परळला नवव्या मजल्यावर एक खोली मिळाली. सामान बांधायच्या दिवसांत चाळीतले सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, मावशी सोडून. तिने एकेका पोराला बोलावून त्याचा पोशाख घडी करून हातात दिला आणि आयांना दम भरला, "लहान झाला की उसवायला माझ्याकडेच आणायचा. दुसऱ्या कुणी कात्री लावलीन तर याद राखा." मला ते नेहमीचंच वाटलं. म्हातारीला आपल्या शिलाईचा अभिमान आहे, झालं.

पुढच्या ऑक्टोबरात सईचं भूत आखूड झालं. भांडुपहून परळ म्हणजे एक रविवार खर्ची पडणार. बायको म्हणाली, "दाबच सोडवायचा ना, मी घरीच उसवते." ती दुपारभर बसली. सुई झाली, ब्लेड झालं, शेवटी बोट कापून घेतलं. मावशीने सगळीकडे तिपेडी दोरा घालून दोन-दोनदा बारीक टीप मारली होती. "अहो, ही शिवण आहे की कुलूप?" बायको वैतागून म्हणाली. गेलो मग परळला. दार उघडंच होतं आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. डोंबिवलीचा भोपळा, विरारचं वटवाघूळ, दोन चेटकिणी, सगळ्यांच्या आया, आणि मधोमध मशीनवर मावशी. प्रत्येकाला चकल्या दिलेल्या, प्रत्येकाची चौकशी चाललेली. माझ्या बायकोने एकदा त्या गर्दीकडे बघितलं, एकदा आपल्या कापलेल्या बोटाकडे, आणि हळूच मला म्हणाली, "कळलं का? कुलूपच आहे ते." मला तेव्हा कुठे कळलं. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि सईचं भूत घेऊन रांगेत बसलो.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे परळची वारी ठरलेली. मावशी दर खेपेला एक-एक बोट दाब सोडायची, जास्त नाही. पोरं वाढत गेली. भोपळ्याला मिशी फुटली आणि तो यायचा बंद झाला. मावशीचं मात्र उलट. तिच्या पोलक्यांना ती स्वतःच बाजूने टिपा घालून आत घेत चाललीय, हे मी बघत होतो.

यंदा सईने भूत अंगात घातलं तर ते गुडघ्यापर्यंतच पोचलं. मावशीने ते उलटं करून शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मांडीवर नीट घडी घातली आणि म्हणाली, "संपला गो दाब." मशीनवरचं झाकण ओढून घेत पुढे म्हणाली, "आता नवा घे हो दादरहून. मोठी झालीस. एवढ्या लांब येऊन काय करायचं आता?" माझा पाकिटाकडे हात गेला, तो मीच मागे घेतला, कारण हा प्रश्न दादरला सुटणारा नव्हता.

सईने आपल्या बॅगेतून गेल्या वर्षीचा, आखूड झालेला शाळेच्या गणवेशाचा निळा पिनाफोर काढला आणि मावशीच्या मांडीवर ठेवला.

"जोड लाव ना, मावशीआजी."

"अगो, भुताला निळा जोड?"

"शाळेतलंच भूत आहे ना ते."

मावशीने मशीनचं झाकण काढलं, डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळे पुसले. सुईत दोरा सईने ओवून दिला. पिनाफोरचा घेर कापून भुताच्या खाली लावताना मावशी कापड आत दुमडू लागली. एका हाताची चार बोटं ठेवली, त्याच्या शेजारी दुसऱ्या हाताची चार.

मी म्हटलं, "मावशी, आठ बोटं? पुढच्या वर्षी सहावीत जाईल ती, कॉलेजात नाही."

"जाईल की एक दिवस," मान वर न करता ती म्हणाली. "वाढतं अंग आहे रे."

आणि तिने तिपेडी दोऱ्याने टीप मारायला घेतली. एकदा मारून झाल्यावर, त्याच्यावरून पुन्हा एकदा.