गालातलं नाणं

कवळीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने गल्लीत कुणीच हाक मारत नसे. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवायचे आणि काका मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे. उभा जन्म त्यांनी लोकांना दात दिले, पण ती तोंडं कधी पाहिली नाहीत.

बायको गेल्यावर एकदा ते जुन्या वस्तूंच्या दुकानदाराची कवळी पोचवायला गेले. त्याने त्यांच्या तळहातावर शर्टाच्या बटणाहून लहान असं चांदीचं नाणं ठेवलं. मिलेटस नावाच्या ग्रीक शहराचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. एकीकडे सिंहाचं मुंडकं, दुसरीकडे ताऱ्यासारखं फूल.

"त्या लोकांच्या कपड्यांना खिसे नव्हते," दुकानदार म्हणाला. "बाजाराला निघाले की सुटे पैसे गालात धरायचे."

काका पोट धरून हसले आणि नाणं विकत घेऊनच घरी आले. मग त्याच दुकानातून अथेन्सचं घुबड कोरलेलं नाणं आलं, एजिना बेटाचं कासवाचं आलं. सगळी झिजलेली, कडा तुटलेली, म्हणून तर परवडणारी.

सून बसमध्ये कंडक्टर होती. "दिवसभर चिल्लरच बघते, बाबा. घरी तरी नको," म्हणायची. दोघांत वाकडं काही नव्हतं, पण बोलणं जेवणखाण आणि औषधांपलीकडे जात नसे.

एका रविवारी दुपारी काकांनी नातीला गालातल्या पैशांची गोष्ट सांगितली. पाच वर्षांची पोर ती. "मी चालले बाजाराला," म्हणत तिने सिंह उचलून गालात टाकला. काका "अगं अगं" म्हणेपर्यंत तिला शिंक आली.

"आजोबा," ती डोळे मोठे करून म्हणाली, "सिंह आत गेला."

 सगळे दवाखान्यात धावले. एक्स-रेवर नातीच्या बरगड्यांखाली पांढरा ठिपका दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "पोटात उतरलंय, काळजी नको. आपोआप पडेल. पडलं की नाही, तेवढं बघत राहा."

 घरी येताच काकांनी सगळी नाणी बिस्किटांच्या डब्यात भरून तिच्यापुढे ठेवली. "ही परत देऊन टाकतो. आणि ते सापडलं तर फेकून दे."

"आत्ता मला काही विचारू नका, बाबा," ती म्हणाली आणि लेकीला कुशीत घेऊन आत गेली.

नात मात्र मजेत. पोटात सिंह आहे म्हणून दर घासाआधी डरकाळी फोडायची.  काकांच्या हातातला साचा दोनदा फुटला.

मग एका सकाळी सून मागच्या खोलीत आली. हातांना जंतुनाशकाचा वास, तळव्यावर कापसाचा बोळा, त्यात नाणं.

"चांगलं उकळलंय," ती म्हणाली.

"पोर बरी आहे ना?"

"बाहेर खेळतेय. घ्या."

काकांनी हात पुढे केला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. सून स्टूल ओढून बसली आणि त्यांचं भिंग डोळ्याला लावून नाणं न्याहाळू लागली. आधी उलटं धरलं. काकांनी हलकेच फिरवून दिलं.

"याचे दात दिसतायत, बाबा."

"जबडा उघडा आहे त्याचा."

"एवढ्याशा जागेत? केलं तरी कसं असेल?"

काका नाक पुसून सांगायला लागले, ठशावर घण कसा मारत, चकती कशी कापत. ती ऐकत राहिली. तिची ड्युटीची वेळ टळत आली, तेव्हा कुठे उठली.

"डबा परत द्यायचा नाही," ती दारातून म्हणाली. "पण कुलूप लावायचं. किल्ली माझ्याकडे."

"तुझ्याकडेच राहू दे, बाळ."

तेव्हापासून रविवारी डबा सूनच उघडते. नातीने दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं, हा घरचा कायदा.

परवा सून कामावरून आली ती चपला न काढताच मागच्या खोलीत. "शेवटच्या स्टॉपजवळ एक दुकान आहे, बाबा. काचेत एवढंसं नाणं दिसलं, त्यावर मधमाशी आहे."

"इफेससचं असणार, तेही ग्रीकांचंच शहर," काका उठत म्हणाले.

"उद्या सुट्टी आहे मला. जाऊया दोघं?"

काका तेवढ्यात चपला शोधायला लागले होते.

"उद्या, बाबा," सून हसत म्हणाली आणि तिने त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं.