ध्यानाच्या खोलीसाठी झाड

मनःशांतीसाठी झाड कापणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? आमच्या सोसायटीत त्याला चेअरमन म्हणतात. ध्यानाच्या खोलीला जागा हवी, म्हणून शिंपीणमावशींच्या खिडकीसमोरचं झाड उद्या सकाळी पाडणार आहेत.

नवरा गेल्यावर मावशी मुक्या झाल्या होत्या. त्या झाडावरच्या कावळ्यांना शिव्या घालता घालताच त्या पुन्हा बोलायला लागल्या, शिवणयंत्रावर बसल्या.

"खोलीत जंगलाचा वॉलपेपर लावतोय, मावशी," चेअरमन म्हणाले. "पक्ष्यांचे आवाजसुद्धा असतील."

"हगतात का ते?" मावशींनी विचारलं. "नाहीतर मी शिव्या कुणाला घालू?"

चेअरमनच्या असल्या अकलेची कीव करत बसायला मला वेळ नाही. ध्यानाच्या वर्गाला नाव दिलं असेल तर आजच काढून घ्या, आणि उद्या उजाडताच झाडाखाली येऊन उभे राहा.