साजिदने लिहिलेलं फंक्शन

साजिद गेल्याचं त्याच्या भावाने कळवलं ते दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी. हार्ट अटॅक. मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता कुणाला कधीच कळणार नाही... महिना झाला, त्या विचाराची किळस जात नाही.

मी केदारखेड्याचा, तो राजूरचा. जालन्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर. त्याच्या वडिलांना लकवा झाला, कॉलेज सुटलं, आणि त्याने गणपती मंदिराच्या रस्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक नसलं की जुन्या लॅपटॉपवर रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत बसायचा. मी त्याच भाषेत नोकरी करत होतो आणि अडकलो होतो. एका फंक्शनला क्लोजर, म्हणजे बाहेरचे आकडे सोबत घेऊन चालणारा कोडचा तुकडा, द्यायचं होतं आणि कोड तपासणारा कंपायलर ते आठवडाभर नाकारत होता. दिवाळीला गावी गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन त्याच्या दुकानात गेलो. कुणाचा तरी उघडलेला मोबाइल बाजूला सारून त्याने माझा कोड वाचला.

"तू फंक्शनच्या हाती एक काम देऊन राह्यला, बराबर? ते काम बाहेरचा हा आकडा वापरतं. पण काम दुसऱ्या थ्रेडवर, बाजूला वेगळं चालू, अन् आकडा जिथला, ते फंक्शन तर संपून गेलं. मंग आकडा राह्यला कुठं? उसना देऊ नको. मालकीच देऊन टाक."

"एवढंच?"

"न्हाई. बाकीचं बी कच्चंच हाय. सरक."

दोन गिऱ्हाइकं परत पाठवून त्याने सगळं फंक्शन नव्याने लिहिलं. त्यावर मी टीम लीड झालो. "हे कसं सुचलं?" असं मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, तेव्हा मी फक्त हसलो. पुढे त्याने फोनवर विचारलं, "माझं नाव सांगितलं का रे तिथं? जागा निघाली तर..."

"सांगितलं. बघतो म्हणाले."

तो चार वर्षं वाट बघत राहिला. आणखी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. बोलणं मात्र सोडलं नाही. ईदला माझ्या आईकडे शीरखुर्म्याचा डबा पोहोचवायचा.

परवा त्या फंक्शनची फाइल उघडली. लेखक म्हणून असलेलं माझं नाव खोडून त्याचं लिहिलं आणि तपासणीला पाठवलं. तासाभरात टीममधल्या नव्या मुलीचा शेरा आला, "सर, या नावाचं आपल्याकडे कुणी नाही. चुकून आलं का?"

मी लिहिलं, "चुकून नाही. हे त्यानेच लिहिलंय. मी इतकी वर्षं खोटं बोललो."

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "मग त्यांचा नंबर मिळेल का, सर? या क्लोजरबद्दल एक विचारायचं होतं."