गार्ड कुणी काढायला लावला?

शिलाईच्या कारखान्यात मावशींची अठरा वर्षं गेली होती. त्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या मुलीच्या बोटात सुई आरपार गेली. तिला दवाखान्यात पाठवून मावशी तडक मॅनेजरच्या खोलीत शिरल्या.

“साहेब, सुईपुढचा गार्ड कुणी काढायला लावला?”

“मावशी, तिच्या उपचारांचं सगळं आपण बघतोय.”

“उपचारांचं नाही विचारलं. गार्ड कुणी काढायला लावला?”

“आधी बसा तरी.”

मावशी उभ्याच राहिल्या. मग त्याने ऑर्डरची घाई सांगून पाहिली, पोरीचंच लक्ष नव्हतं असंही सुचवून पाहिलं. मावशी आवाज न चढवता तेच विचारत राहिल्या. बाहेर एकेक मशीन थांबलं आणि बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी तो खाली बघत म्हणाला, “मीच. गार्डमुळे काम रेंगाळत होतं.”

“आता हेच लिहून द्या.”

त्याने कुरकुरत लिहून दिलं. आठवड्याभरात सगळ्या मशीनना गार्ड बसले, आणि मावशींना बटणं लावायच्या कोपऱ्यात धाडण्यात आलं.

“कशाला उगाच वाकड्यात शिरलीस?” नवऱ्याने विचारलं.

“उगाच नाही,” मावशी म्हणाल्या आणि निवांत जेवायला बसल्या.